विश्वाच्या उगमाची बाही

"अगं, विश्वाचा उगम कुठे ठेवलास?"

भौतिकशास्त्राच्या सरांनी शिलाई मशीनजवळ येऊन बायकोला हे विचारलं, तेव्हा साडेनऊ वाजले होते. अकराला त्यांचं व्याख्यान होतं. पुढच्या महिन्यात निवृत्ती, म्हणजे हे शेवटचंच. ज्या कोड्याशी जन्मभर झटापट केली, ते एकदा तरी सगळ्यांपुढे नीट मांडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"टेबलावरचा खाकी कागद गं."

बाईसाहेबांची कात्री थांबली. घरात खाकी कागदाचा एकच गठ्ठा यायचा. त्यावर सर समीकरणं मांडत आणि बाईसाहेब कपड्यांचे नमुने कापत. तीस वर्षं संसार असाच सुखाने चालला होता.

"तो होय," त्या हळूच म्हणाल्या. "त्याची बाही झाली."

"आणि उरलेलं?"

"पाठ, पुढा, कॉलर. मला वाटलं, कागद माझाच आहे."

सर मटकन खाली बसले. मग दोघं मिळून फरशीवर विश्व जुळवू लागले. महास्फोट पाठीवर सापडला, पुंजभौतिकी कॉलरवर. गळ्याचा वाटोळा तुकडा मात्र कचऱ्यात गेला होता आणि कचऱ्याची गाडी नऊलाच येऊन गेली होती.

"नेमकी सुरुवातच गेली," सर म्हणाले.

"मी येते बरोबर. टाचण्या घेते."

अकराला पडद्यावर कागदी शर्ट टाचला गेला. पोरं खुसुखुसू हसली. सर घाम पुसत, भोक वगळून समीकरण सोडवू लागले. आणि महिनाभर हटून बसलेल्या दोन्ही बाजू चक्क जुळल्या.

"सर, त्या भोकात काय होतं?" एकीने विचारलं.

"ते अजून कुणालाच माहीत नाही," सर प्रामाणिकपणे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येताना मात्र त्यांना राहवेना. "त्या तुकड्यावर साडेपंधरा लिहिलं होतं. तो आकडा कधी आला, मला आठवेना, पण खोडायचा धीर होईना. तो गेला आणि गणित सुटलं."

बाईसाहेब चालता चालता थांबल्या.

"अहो, ते तुमच्या गळ्याचं माप. महिन्यापूर्वी तुमचा डोळा लागला होता तेव्हा घेतलं आणि हाताशी असलेल्या कागदावर लिहिलं. म्हणून तर कागद मला माझा वाटला. निरोप समारंभाला नवा शर्ट शिवतेय तुम्हाला. सांगायचं नव्हतं आत्ताच."

सरांनी गळ्यावरून हात फिरवला.

"जरा सैलच ठेव," ते म्हणाले. "विश्व प्रसरण पावतंय."