दाखवल्याशिवाय नंबर नाही

इस्माइल मुकादम हौजीचा नंबर नुसता पुकारत नाहीत, तो घेऊन फिरतात. खणाच्या पिशवीतून लाकडी सोंगटी काढायची, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि मग सोंगटी दोन बोटांत धरून प्रत्येक खुर्चीसमोर जायचं. "बघून घ्या. दाखवल्याशिवाय नंबर लागत नाही." माणसं चाळीस, सोंगट्या नव्वद. आखातातल्या मदिनत अश शमालमधल्या आमच्या मराठी मंडळात एका डावात दोनदा चहा होतो.

इस्माइलचाचा रत्नागिरीकडचे. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये आहेत, कंपनीच्या खोलीत एकटे राहतात. त्याआधी प्रवासी जहाजावरच्या कॅसिनोत होते. सोंगट्यांना कुणाला हात लावू देत नाहीत. खेळाआधी एकदा मोजतात, नंतर दोनदा.

फिरता फिरता इतिहासही चालू असतो. "इटलीतल्या सोडतीतनं निघाला हा खेळ. अमेरिकेत जत्रेत पोचला. तिथं तिकिटावर वाल ठेवायचे, आपले भाजीचे असतात तसे. मग कॅसिनोवाल्यांनी उचलला. आधी माणूस गोळे काढायचा, मग गोळे हवेनं उडवायचं यंत्र आलं, मग बटण. आता मशीनच नंबर काढतं, मशीनच कापतं. माणूस नुसता पैसे घालायला." मग दोन्ही कानांना हात लावून, "आपल्यात पैसा नाही. तिकीट फुकट, बक्षीस कुकर. खलास."

मी इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी सांगतो, लपवत नाही. वाया गेलेला वेळ मला सोसत नाही. मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मीच बैठकीत म्हणालो, मोबाइलचं अ‍ॅप टीव्हीला जोडू, वीस मिनिटांत डाव संपेल.

"आणि मी काय करू?" चाचांनी विचारलं.

"आराम करा की."

"आराम खोलीवर पण असतो, साहेब."

शेवटी ठरलं, शुक्रवारी अर्धा डाव पिशवीचा, अर्धा अ‍ॅपचा. लोकांना जे बरं वाटेल ते कायमचं.

आई तेव्हा परभणीकडच्या आमच्या गावाहून आलेली होती. महिनाभर दर शुक्रवारी माझ्याबरोबर यायची. चाचा तिच्या खुर्चीपाशी सगळ्यात जास्त थांबायचे. मला वाटायचं, गप्पांना माणूस मिळालं.

शुक्रवारी अर्धा डाव झाला. चाचा पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. निघालेले नंबर मी अ‍ॅपमध्ये भरले आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडा यायचा, इंग्रजीत आवाज यायचा, तीन सेकंदांत दुसरा. समोरचे कुलकर्णी तर पेन्सिल रोखूनच बसले होते. त्यांचा एकच नंबर राहिला होता.

मी आईच्या तिकिटाकडे पाहिलं. तिचाही एकच राहिला होता, बासष्ट; बाकीचे पिशवीच्याच वेळी कापून झाले होते. आणि बासष्टच आला.

आईची पेन्सिल हलली नाही. तिने टीव्हीकडे पाहिलं, तोवर आकडा गेला होता. मग माझ्याकडे.

"आई, काप की."

"काय कापू रं?"

आवाज बारीक होता, पण दोन रांगांना ऐकू गेला. माझे कान तापले. आई शाळेत गेलेली नाही हे मला ठाऊक होतं. पण शंभरापर्यंत तोंडी घडाघडा मोजते, तेव्हा आकडे ओळखत असेल, असं मी धरून चाललो होतो. एवढी वर्षं.

"साहेब, यंत्र थांबवा," चाचा म्हणाले.

मी थांबवलं. त्यांनी पिशवी टेबलावर ओतली, एक सोंगटी उचलली आणि थेट आईसमोर धरली. "बासष्ट. बघून घ्या, ताई."

आईने सोंगटी घेतली, तिकिटावरच्या एकेका आकड्याशेजारी ठेवून पाहिली, आणि जुळली तिथे रेघ मारली.

"फुल हाउस," चाचा म्हणाले.

"अहो, तो नंबर मघाशीच गेला," कुलकर्णी उठले.

"पुकारला. दाखवला कुठं?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. निर्णय सेक्रेटरीचा.

"दाखवला नव्हता," मी म्हणालो, आणि टीव्हीची वायर काढली.

लोक गेल्यावर मी चाचांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"जहाजावर मी झाडू मारायला होतो, साहेब. मला कुठं येत होते आकडे? पडलेला गोळा उचलून पुकारणाऱ्याला द्यायचो, तो नाव सांगायचा. तसे शिकलो. पुढं तीन वर्षं मीच पुकारले. मग मशीन आलं." ते सोंगट्या मोजत होते. "एकोणनव्वद."

नव्वदावी आईच्या तळहातावर होती. ती त्या आकड्यावरून बोट फिरवत होती. "बासष्ट असं दिसतं व्हय? माझं वय हाय हे."

मी सोंगटी घ्यायला हात पुढे केला. चाचांनी माझा हात अडवला आणि पिशवीची नाडी ओढली.

"राहू द्या, ताई. पुढल्या शुक्रवारी आणा. एकोणनव्वदांवर डाव सुरू होत नाही."