चहा हुंगणारा सुखदेव

किन्हीराजात सुखदेवला चहा देणं म्हणजे अपमान ओढवून घेणं. कप नाकाशी नेई, डोळे मिटून हुंगे, मग यजमानाकडे आरोपी पाहावा तसं पाही. "जमाना खराब हाय," म्हणे आणि मगच घोट घेई. मी गावच्या शाळेतली मास्तरीण; माझाही चहा त्याने हुंगला. त्याला सुनावायचं, हे काम माझ्या यादीत कित्येक महिने शिल्लक होतं.

एरवी हा सायकली दुरुस्त करी. एकच पंक्चर दोनदा काढून घ्यावं लागे. पण दोस्त उत्तम मेला आणि सुखदेव स्वतःच्या मते डिटेक्टिव्ह झाला.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची पहिली धड ज्वारी खळ्यावर आली होती. तिथेच उत्तम तोंडाला फेस येऊन पडला. बैलगाडीतून घरी आणेपर्यंत संपला. दिवस मावळायच्या आत अग्नीही दिला. दुसऱ्या दिवशी जमादार आले. उत्तमच्या जाड टायरच्या वहाणा पाहून म्हणाले, "यातून साप कसा चावेल?" पोलिसांना पुढे काही सापडलं नाही. गावाला लगेच सापडलं. उत्तम घरून चहा पिऊन निघाला होता, म्हणजे बायकोनं, विमलनं, त्यात कपाशीवरचं औषध घातलं. तेव्हापासून तिच्या घरचं पाणीही कुणी पिईना.

सुखदेवचा तपास बघण्यासारखा होता. त्याने किराणावाल्याची भर दुकानात उलटतपासणी केली, बैलांच्या खुरांची मापं घेतली. "तुमी त्या दिवशी काहून शाळा लवकर सोडली?" असं मलाही विचारलं. बाकी तपास विमलच्या ओसरीवर बसून चाले.

"लगन लावून टाक, सुखदेव," बायका म्हणत, "तपास आपोआप संपते!"

एक दिवस तो हॉटेलात ओरडला, "अरे, खळ्यावर वहाना घालून कोन जाते? धान्य हाय ना ते! उत्तम अनवानी होता!"

हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जमादारांना सांगायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं. चौघांनी जाऊन खळ्यालगतची कडब्याची गंजी हलवली. खालून नाग निघाला. तोच का, हे नागाला विचारता आलं नाही, पण गावाला पुरलं. विमल निर्दोष ठरली. तिच्याकडे चहाला मात्र तरीही कुणी जाईना.

सुखदेवला एकदाचं सुनावायला मी गेले, तर तो विमलच्याच ओसरीवर. विमलनं दिलेला कप त्याने थेट तोंडाला लावला.

"इथं नाही हुंगत?"

"इथलाच सोडून सगळ्याईचा हुंगतो, बाई. हिच्या चहावर शक घेता, मंग तुमचा काय गंगेचं पानी हाय?"

विमल माझा कप हातात धरून उभी होती. पुढे करावा की आत न्यावा, तिला ठरवता येत नव्हतं. सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आज आरोप नव्हता, विनवणी होती.

"आण इकडे," मी म्हटलं आणि प्याले. साखर फार होती. तसं सांगितलं.

"त्याईले असाच लागे," विमल म्हणाली.

"मले बी," सुखदेव कपात बघत पुटपुटला.