टोप्यांचे ऊन-संरक्षण

ऊन सर्वांवर सारखेच पडते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. म्हणूनच माझ्या नातीच्या शाळेने मुलांची कातडी जपण्यासाठी समिती नेमली आणि दुपारी रिकामा असणारा एकमेव आजोबा म्हणून मी तिचा अध्यक्ष झालो. (विरोधात कोणी नव्हते. बाजूनेही नव्हते.)

समितीने मुलांना मान झाकणाऱ्या, रुंद काठाच्या निळ्या टोप्या वाटल्या. मी वर्गावर्गांत सांगत फिरलो: भर दुपारी सावली धरा, नाकाकानांना सनस्क्रीन फासा, डोक्यावरची टोपी काढू नका. शेवटचे वाक्य मी चालीवर म्हटले. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मला गहिवरून आले.

महिन्याभरात टोप्या विटल्या. तातडीची बैठक झाली. टोप्या उन्हाने खराब होतात, असा निष्कर्ष एकमताने निघाला (खेळाचे सर झोपले होते). सबब विटलेल्या टोप्या परत घेऊन नव्या आणाव्यात आणि त्या उन्हात वापरू नयेत, असे ठरले. त्या कपाटात गेल्या. सनस्क्रीनच्या बाटल्यांवर 'थंड जागी ठेवा' असे छापलेले होते. तीही आज्ञा पाळली. आता शाळेत थंड जागा एकच, जिन्याखालची, जिथे मुले डबा खात. तिथे कपाट बसवले. मुले मैदानात डबा खाऊ लागली.

समितीचा अहवाल मीच लिहिला. टोप्यांना झालेली इजा: शून्य टक्के. शिल्लक सनस्क्रीन: शंभर टक्के. मुलांविषयी माहिती उपलब्ध नाही (मुले समितीच्या ताब्यात दिलेली नव्हती).

नात शनिवारच्या शर्यतीसाठी रोज दुपारी मैदानात पळत होती. एक दिवस घरी आली ती नाक सोललेले घेऊन.

"आजोबा, सरावापुरती एक टोपी द्या ना."

"अगं, नवीकोरी आहे. रंग उडेल."

"माझा उडाला तो?"

"तुझा परत येतो, बाळा. टोपीचा येत नाही."

तिने विचार केला. "मग मलाच ठेवा कपाटात."

देह नाशवंत आहे, हे मी प्रवचनांत आयुष्यभर ऐकत आलो, माना डोलावत आलो. टोपी नाशवंत आहे, असे मात्र एकाही बुवाने आजवर सांगितलेले नाही.

शुक्रवारी तिच्या मानेवर फोड आले. शनिवारी बाकीच्या मुली पळाल्या. ही घरी पालथी पडून होती. मी ओला टॉवेल मानेवर ठेवला, तशी ती कळवळली.

"हा टोचतो, आजोबा. आपल्या घरच्या कपाटातला मऊ द्या ना."

"तो पाहुण्यांचा," मी म्हणालो, आणि माझे मलाच ऐकू आले.

मी उठलो. कपाटाला कुलूप होते. किल्ली अजून सापडलेली नाही. ती फार जपून ठेवलेली आहे.

वाचकहो, हसलात, बरे वाटले. फक्त तुमच्या कपाटातले मऊ टॉवेल कोणत्या पाहुण्यांची वाट पाहत आहेत, तेवढे कळवा. आमचेही बहुधा तेच असावेत.