सात वाजताची मेट्रो

स्मारांदाने त्या बुधवारी एक छोटासा निर्णय घेतला. उद्यापासून पिंपात फुंकायचं नाही.

क्लुज शहरात ऑक्टोबर संपत आला की प्रत्येक स्वाभिमानी घरात पिंपभर कोबी मिठाच्या पाण्यात मुरायला पडतो. अख्खे गड्डे, शेपूच्या काड्या, मूठभर मक्याचे दाणे आणि वर दाबायला नदीतला दगड. पण नुसतं घालून भागत नाही. मीठ तळाशी बसतं आणि पाणी बिघडतं. म्हणून रबरी नळी तळापर्यंत सोडायची आणि दुसरं टोक तोंडात धरून पंधरा मिनिटं फुंकत राहायचं. सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. या घरात एकतीस वर्षं हे काम सासूबाईंनी केलं होतं. यंदा घरात सून आली, तेव्हा त्यांनी तळघरातल्या अडगळीच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"सूनबाई, हे पिंप आजवर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती गेलेलं नाही. नाताळात सार्माल्यांचा खिमा याच पानांत गुंडाळायचाय. कोबी मऊ पडला तर माझ्या बहिणी काय म्हणतील ते मी सांगत नाही. त्या स्वतःच येऊन सांगतील."

लग्नाला अडीच महिने झालेल्या मुलीला याहून मोठा मान मिळत नाही. (याहून मोठी धमकीही.)

तीन दिवस तिनं इमानेइतबारे फुंकलं. तिसऱ्या संध्याकाळी तळघराच्या पायरीवर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती भिंत धरून खाली बसली. नवरा तिला शोधत आला तेव्हा ती नळीकडे बघत होती आणि नळी तिच्याकडे.

दोरू दातांच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा. "एवढंच ना?" तो म्हणाला. "आमच्या गोदामात दातांच्या डॉक्टरचा जुना कॉम्प्रेसर पडलाय. एकदम शुद्ध हवा. लोकांच्या तोंडात जाते ती! घड्याळाचं बटण लावून देतो. सकाळी सात, संध्याकाळी सात, पंधरा-पंधरा मिनिटं. आईला कळणारसुद्धा नाही."

"आणि कळलं तर?"

"तर म्हणायचं, दोरूने सुचवलं."

"आणि तू काय म्हणशील?"

"मी त्या दिवशी जरा उशिरा घरी येईन."

सासूबाईंना खरोखरच कळलं नाही. बाकी सगळ्या इमारतीला कळलं.

कॉम्प्रेसर म्हातारा होता, पण अंगात रग होती. सुरू झाला की सिमेंटच्या जमिनीवर थयथय नाचायचा. शेजारचे गरम पाण्याचे पाइप ती थरथर उचलायचे आणि सरळ वरच्या घरात नेऊन पोचवायचे. वरचं घर वेतुरियाबाईंचं. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. भूकंपाचा धडा त्यांचा विशेष आवडता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सासऱ्यांना दारातच गाठलं. सासरे वालेर हे चव्वेचाळीस घरांच्या त्या सोसायटीचे अध्यक्ष. त्याआधी चौतीस वर्षं शहराच्या ट्रॉलीबसवर चालक. रोज नाश्त्याला बसले की फोनवरची शहराची बातमीपत्रं मोठ्यानं वाचायचे. कुठं नवा मनोरा उठतोय, कुठला पूल रुंद होतोय, कुठल्या गल्लीत सायकलची वाट आखली. सगळं अशा आवाजात, जणू शहर त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवून मोठं केलंय. त्या सकाळी बातमी होती की मेट्रोचं भुयार खणायला 'लवकरच' सुरुवात होणार.

"अध्यक्षसाहेब, माझ्या पलंगाखालची जमीन हलते," वेतुरियाबाई म्हणाल्या. "सातच्या ठोक्याला सुरू आणि सव्वासातला बंद. हा भूकंप नाही. भूकंप वेळ पाळत नाही."

संध्याकाळी वालेर त्यांच्या पलंगाशेजारी गालिच्यावर आडवे झाले आणि जमिनीला कान लावला. सात वाजले. कपाटातले पेले किणकिणले. वालेर उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"भुयाराचं यंत्र आहे. पोचलेसुद्धा आपल्यापर्यंत! मला कळतं. अहो, रुळांशी माझं आयुष्य गेलं."

"तुमच्या बसला रूळ कुठं होते?" वेतुरियाबाईंनी विचारलं.

"नव्हते ना! म्हणून तर त्यांची इतकी ओढ."

वर येऊन त्यांनी ही बातमी रात्रीच्या जेवणात सांगितली. स्मारांदाचा चमचा सूपमध्ये पडला. तिनं दोरूकडे पाहिलं. दोरूनं मिठाकडे पाहिलं.

"बाबा, वॉशिंग मशीन असेल कुणाचं तरी," ती हळूच म्हणाली.

"पोरी," वालेर मायेनं म्हणाले, "तू शहरात नवीन आहेस. इथं मोठ्या गोष्टी घडतात."

पुढच्या आठवड्यात वेतुरियाबाईंच्या झोपायच्या खोलीचं स्टेशन झालं. पावणेसातपासून माणसं घरून खुर्च्या घेऊन यायची. कुणी प्लमची दारू आणायचं, कुणी भोपळ्याची खारी पेस्ट्री. सात वाजले की सगळे गप्प. पेले किणकिणले की टाळ्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आपला फ्लॅट विकायला काढला होता. त्यांनी जाहिरात बदलून 'मेट्रो पायाखाली' असं छापलं. त्यांचा दलाल बूट काढून, नुसत्या मोज्यांवर खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि पंधरा मिनिटं तळपायांनी खात्री करून घेतली.

"सांग ना त्यांना," स्मारांदा नवऱ्याला म्हणाली.

"मी? तूच सांग. तू नवी आहेस, तुला माफ करतील."

"मी नवी आहे, म्हणूनच करणार नाहीत. आईंनी पिंप माझ्या हवाली केलं आणि मी त्यात यंत्र बसवलं. आणि आता बाबा त्या यंत्रावर भाषणं करताहेत."

शेवटी तिनं मधला मार्ग काढला. त्यापुढच्या मंगळवारी संध्याकाळी गुपचूप प्लग काढून ठेवला आणि फुंकायला स्वतः बसली. आवाज बंद झाला की लोक विसरतील, असा तिचा हिशेब.

लोक विसरले नाहीत. सात वाजून गेले, सव्वासात झाले. वेतुरियाबाईंच्या खोलीत वीस माणसं शोकसभेला बसल्यासारखी बसली होती. साडेसातला वालेर वर आले, कोट न काढताच टेबलाशी बसले आणि महापालिकेला अर्ज लिहायला घेतला. 'आमच्या इमारतीखालचं काम कुणाच्या आदेशावरून थांबवलं, याचा खुलासा व्हावा.' लिहिता लिहिता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चौतीस वर्षं लोकांना थांब्यावर सोडलं," ते सासूबाईंना म्हणाले. "एकदा वाटलं होतं, आपल्या दाराशीही काहीतरी येऊन थांबेल."

स्मारांदा किल्ली घेऊन खाली गेली आणि प्लग परत लावला. बुधवारी सात वाजता टाळ्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरापर्यंत आला.

आणि गुरुवारी वालेरनी बातमीपत्रालाच फोन केला.

शनिवारी संध्याकाळी इमारतीत पाय ठेवायला जागा नव्हती. वालेरनी चालकाचा जुना गणवेश घातला होता. बटणं लागत नव्हती, पण टोपी अजून बसत होती. कॅमेरेवाला आला, हातात माईक घेतलेला बातमीदार मुलगा आला, आणि त्यांच्यामागून एक शांत चेहऱ्याची बाई आली. ती मेट्रोच्या कार्यालयातली इंजिनिअर होती. बातमीदारानं खात्रीसाठी तिलाच बोलावलं होतं. स्मारांदानं दोरूला शोधलं. त्या दिवशी त्याला घरी यायला खरंच उशीर होत होता.

सात वाजले. पेले किणकिणले.

"ऐकलंत?" वालेर कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले. "हा आमच्या शहराचा आवाज आहे!"

इंजिनिअरबाईंनी गरम पाण्याच्या पाइपवर हात ठेवला. "आवाज छान आहे," त्या म्हणाल्या. "पण आमचं यंत्र अजून देशातच आलेलं नाही. त्याचे सुटे भाग जहाजावर आहेत."

"मग हे कुणाचं?"

"तेच बघते." आणि पाइपवर हात ठेवत त्या जिन्याकडे निघाल्या.

मागून सगळी इमारत. तळघराच्या दारांमागून दारं गेली आणि वरात चौदा नंबरच्या खोलीपुढे येऊन थांबली. आत कोणीतरी नाचत होतं.

"ही तर आपली खोली," सासूबाई म्हणाल्या. "किल्ली कुणाकडे आहे?"

स्मारांदानं किल्ली काढली. कॅमेरा आधी तिच्या हातावर आला आणि मग तोंडावर. कुलूप दोनदा उलटं फिरवून तिसऱ्यांदा उघडलं. आत कॉम्प्रेसर घामाघूम होऊन थयथयत होता आणि निळं पिंप सुखानं गुडगुडत होतं.

वालेरच्या डोक्यावरची टोपी जरा कलली.

"बाबा, चूक माझी आहे," स्मारांदा म्हणाली. "आई, मी तीन दिवसच फुंकलं. आणि एक मंगळवार."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढं होऊन त्यांनी झाकण काढलं, दगड बाजूला केला, एका गड्ड्याचं पान सोललं, दिव्यासमोर धरलं आणि चावलं. कर्रकन् आवाज आला. तो माईकमध्येही आला. त्यांनी सावकाश चावून गिळलं.

"एकतीस वर्षांत इतका..." त्या बोलू लागल्या, आणि आपण कुणाविरुद्ध साक्ष देतोय हे लक्षात येऊन थांबल्या. "बरा आहे," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी स्वतःच्या लग्नालाही याहून चांगला शब्द वापरला नव्हता.

इंजिनिअरबाईंनी एक पान मागून घेतलं. मग बातमीदारानं. पण सगळे वालेरकडे बघत होते.

वालेर खाली वाकून बटणावरचं घड्याळ बघत होते. मग त्यांनी आपलं मनगट वर केलं आणि दोन्ही घड्याळं जुळवली. सव्वासात वाजले. टक्. कॉम्प्रेसर थांबला.

"सोळा दिवस," ते हळूच म्हणाले. "एक खाडा सोडला, तर एका मिनिटाचाही फरक नाही." त्यांनी टोपी सरळ केली आणि कॅमेऱ्याकडे वळले. "मी चौतीस वर्षं गाडी चालवली, साहेब. एकही आठवडा असा काढता आला नाही. लिहून घ्या. ही माझी सून!"

टाळ्या वाजल्या, आणि त्या पेल्यांसाठी वाजायच्या त्याहून जोरात होत्या. स्मारांदाला आधी कळलंच नाही की त्या तिच्यासाठी आहेत. कळलं तेव्हा कान लाल झाले, आणि लग्नात झाली नव्हती इतकी ती त्या क्षणी त्या घरची झाली. रात्री बातमी आली, 'मेट्रो वाटेत, कोबी पोचला.' वालेरनी ती नाश्त्याला मोठ्यानं वाचली. दोनदा.

सोमवारपासून लोक किल्ल्या घेऊन दारात येऊ लागले. इमारतीत आणखी एकवीस पिंपं होती, आणि एकवीस घरांना आपलं छातीत दुखतं हे एकदम आठवलं होतं. ("तू घरीच तर असतेस," वेतुरियाबाई म्हणाल्या. स्मारांदा घरी बसून औषधांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद करायची. याला इमारतीत काम मानत नसत.) वालेरनी आखणीचा कागद काढला आणि वेळापत्रक केलं. पहाटे पाच चाळीसला पहिली फेरी, मग दर वीस मिनिटांनी एक खोली, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर हातगाडीवर, हातगाडी स्मारांदाकडे. दर पाहुण्याला ते तळघर दाखवायला नेऊ लागले. एका संध्याकाळी पलीकडच्या इमारतीच्या अध्यक्षांना तर त्यांनी स्मारांदाला भर फेरीत जिन्यात अडवून भेटवलं. "हीच ती! कधी उशीर नाही!" असं म्हणत चांगली पाच मिनिटं उभं केलं.

दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारातल्या काचेच्या फलकावर नवा कागद दिसला. वर तिचं नाव ठळक अक्षरांत. स्मारांदानं आईला पाठवायला फोटो काढला आणि मग वाचायला जवळ गेली.

'सूचना. काल संध्याकाळची सहा वीसची फेरी (चौथा मजला, लाल झाकण) चार मिनिटं उशिरा सुटली. श्रीमती वेतुरिया यांच्या लेखी तक्रारीवरून चौकशी केली असता चालक स्मारांदा जिन्यात गप्पा मारताना आढळल्या. त्यांना समज देण्यात आली आहे. अध्यक्ष, वालेर.'