किल्ली नसलेलं कुलूप

"आज दुपारी आपण पाचही जण एकत्र जेवणार आहोत," चहाचे कप मांडता मांडता आईनं जाहीर केलं. "मी मुद्दाम रजा काढली आहे."

घरातले चौघे एकदम "हो हो" म्हणाले. इतक्या पटकन आणि इतक्या एका सुरात, की त्यातला एकही होकार खरा नाही हे तिला तिथंच कळलं. पण बाई मोठी धीराची. इस्पितळात दिवसभर लोकांचं रक्त काढायचं काम. सुई बघून आरडाओरडा करणाऱ्या भल्याभल्यांना तिनं बोलता बोलता गप्प केलेलं. ती भाज्या चिरायला बसली.

जेवणाचं ते मोठं टेबल तिनंच हौसेनं घेतलं होतं. त्यावर आजवर कपड्यांना इस्त्री झाली, स्पीकर दुरुस्त झाले, बुद्धिबळाचे डाव रंगले, कुलपं उघडून पसरली गेली. जेवणंही झाली, पण एकेकट्याची, घड्याळाकडे बघत. पाचही खुर्च्या एकदम भरल्या आहेत असं काही अजून घडलं नव्हतं. एका खुर्चीवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. ते एकदा निघावं एवढंच आईचं मागणं.

चहा संपायच्या आत सबबी सुरू झाल्या. थोरली व्यायामोपचार करायला घरोघर जायची. ती म्हणाली, "आई, आज माझे सगळे गुडघे एकाच दिवशी आलेत गं." धाकटा कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवायचा, त्याला सभागृहात वायरी ओढायच्या होत्या. आजोबांचा क्लबात बुद्धिबळाचा उपांत्य सामना. "सूनबाई, माझं ताट झाकून ठेव," ते म्हणाले. आणि घरचे कर्ते, ज्यांना सगळी पेठ उस्ताद म्हणायची, ते तर दारापाशी बसलेच होते, कुलूप बसवत.

उस्तादांसारखा कुलूप करणारा शोधून सापडायचा नाही, हे मी नाही, त्यांच्याशी भांडलेले लोकही कबूल करायचे. हे नवं कुलूप त्यांनी कितीतरी महिने खपून केलं होतं. घरातून शेवटी निघणारा कधीच दार लावत नाही म्हणून त्यांनी असं केलं, की दार ओढलं की ते आपोआप लागायचं. आणि ते आतूनही किल्लीशिवाय उघडत नसे.

"आतून कशाला किल्ली?" आईनं विचारलं.

"चोर खिडकीतून आला, तर त्याला दारातून रुबाबात जाता येऊ नये."

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीला गज आहेत."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," उस्ताद म्हणाले.

त्यांची आणखी एक पद्धत होती. किल्ली नेहमी शेवटी करायची. आधी कुलूप बसवायचं, दारात ते कसं वागतं ते बघायचं, मग दुकानात जाऊन, मन लावून किल्ली घासायची. त्यामुळे त्या घडीला त्या कुलपाची किल्ली जगात कुठंच नव्हती. "दार लोटून ठेवा, ओढू नका!" असं त्यांनी दोनदा ओरडून सांगितलं. पण या घरात पहिल्या वाक्याला कुणी थांबत नाही आणि दुसरं वाक्य जिन्यात ऐकू येतं.

थोरली निघाली होती, ती पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली. आत येताना नेहमीच्या सवयीनं तिनं टाचेनं दार मागे ढकललं. खट्.

आवाज इतका गोड, इतका भरीव आला, की उस्ताद क्षणभर खूषच झाले. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"लागलं," उस्ताद म्हणाले.

"मग उघडा ना!"

उस्तादांनी हत्यारांची पिशवी उलटी केली. तारा झाल्या, आकडे झाले, पातळ पट्ट्या झाल्या. ते गुडघे टेकून कुलपाला कान लावून बसले. कुलूप दाराच्या जाडीत बसवलेलं, त्यामुळे दार उघडल्याशिवाय त्याचे स्क्रूही दिसत नव्हते. घामानं त्यांचा सदरा भिजला.

"हलतंय का?" धाकट्यानं विचारलं.

"केसाइतकंही नाही!" उस्तादांच्या आवाजात रडू होतं आणि अभिमानही होता. "अरे, काय कुलूप झालंय हे!"

"बाबा, आपण आत आहोत!"

"म्हणून तर कळतंय ना!"

मग फोन सुरू झाले. थोरलीनं आपले गुडघे एकेक करून पुढे ढकलले. एका आजींना तिनं फोनवरूनच पाय वर-खाली करायला लावले. धाकटा सभागृहातल्या मदतनिसाला ओरडून सांगत होता, "लाल नाही, पिवळी! अरे, पिवळी लाव!" आजोबांनी तर कमाल केली. क्लबात पट मांडून घेतला आणि फोनवरून चाली सांगायला लागले. समोरच्याचा वजीर मारल्यावर त्यांनी इतक्या जोरात आरोळी ठोकली, की धाकट्याच्या मदतनिसानं घाबरून सगळ्याच वायरी काढल्या.

"बाबा, तुमच्या शिष्याला बोलवू का?" थोरलीनं हळूच विचारलं.

उस्ताद ताडकन उठले. शिष्य त्यांच्याच हाताखाली शिकलेला आणि आता बरोबर समोर दुकान थाटून बसलेला. "त्यानं माझं कुलूप उघडलं, तर मी तोंड कुठं दाखवू?"

"आणि नाही उघडलं तर?"

उस्ताद विचारात पडले. नाही उघडलं तर फार बरं वाटणार होतं, पण मग बाहेर कसं पडायचं?

हे सगळं चालू असताना आई शांतपणे टेबल आवरत होती. इस्त्री उचलली, स्पीकर कोपऱ्यात ठेवले. पाच ताटं मांडली. प्रत्येकाच्या आवडीचा एकेक पदार्थ वाढला. मग त्या खुर्चीवरचं प्लास्टिक तिनं चर्रकन फाडून काढलं.

"जेवायला चला," ती म्हणाली. "नाहीतरी कुठं जाणार आहात?"

सगळे बसले. सुरुवातीला नुसता चमच्यांचा आवाज. एकमेकांसमोर बसून काय बोलायचं हेच कुणाला सुचेना. मग उस्तादांनी धाकट्याकडे निरखून बघितलं. "तुला चष्मा कधी लागला रे?"

"बाबा, जुना झाला हा. दुसरा करायला टाकलाय."

आई खुदकन हसली. थोरली हसली. आजोबांना तर हसता हसता ठसका लागला. उस्ताद ओशाळले आणि मग त्यांनाही हसू आवरेना. तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. थोरलीनं गुडघेवाल्या आजींची नक्कल करून दाखवली. आजोबांनी वजिराची हकिगत प्रत्येक वेळी थोडी वाढवत पुनःपुन्हा सांगितली. उस्तादांनी मागून मागून वाढून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तू इतकं चांगलं करतेस?" यावर आईनं नुसतं बघितलं. पण तिचा चेहरा असा फुलला होता, की बघणाऱ्यालाच भरून यावं. पाच खुर्च्या, पाच माणसं. मला विचाराल तर त्या दिवशी पेठेत तिच्याइतकं श्रीमंत कुणी नव्हतं.

जेवणं झाली तरी कुणी उठेना. शेवटी उस्तादच म्हणाले, "बोलवा त्याला."

शिष्य जिना चढून धापा टाकत आला. बाहेरून बराच वेळ खुडबुड ऐकू येत होती. आत उस्ताद दाराला कान लावून उभे. मग हत्यारं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उस्ताद," दारापलीकडून शिष्य म्हणाला, "हात टेकले. असं काम मी आजवर बघितलं नाही. तुमच्या हातची सर आम्हाला येणार नाही."

उस्तादांनी दारावर हात ठेवला, जणू पलीकडच्याच्या खांद्यावरच ठेवला. "जेवलास का रे?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"नाही अजून. पण उस्ताद, दार आत उघडतं ना? मग बिजागऱ्या तुमच्याच बाजूला असतील. त्यांच्या सळया वर उपसल्या, की कुलपाला हातसुद्धा न लावता दार निघेल."

पाचजणांनी बिजागऱ्यांकडे बघितलं. दोन बिजागऱ्या, नीट तेल घातलेल्या, चकचकीत. सकाळपासून उस्तादांनी दाराच्या त्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"या बिजागऱ्यांना तेल कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "करकर वाजतात ना. सळई वर काढली की तेल नीट जातं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"खट् वाजलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"जेवणं व्हायची होती," आई म्हणाली, आणि फडक्यानं धरून तिनं दोन्ही सळया अलगद उपसल्या. इतक्या अलगद, की दाराला कळलंसुद्धा नसेल.

दार बाजूला झालं. शिष्य आत आला आणि आईनं त्याच्यासाठी सहावं ताट मांडलं. आता कुणालाही कुठंही जायची मोकळीक होती. थोरलीनं पिशवी खांद्याला लावली, धाकट्यानं बूट चढवले. मग दोघंही परत खुर्च्यांवर येऊन बसली. आजोबा तर पट मांडायलाच लागले.

उस्ताद सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या किल्ल्या करायला घेतो. किती करू? पाच?"

"एकच करा," आई म्हणाली. "माझ्याकडे राहील."