काम्पोसेल्वाच्या अंगठ्याची फत्ते

श्री. आधी लाभ, मग लढाई, हा बखरीचा कायदा. त्यास राजमान्य प्रोफेसर एवारिस्तो माल्वेझी, ठाणे काम्पोसेल्वा, यांस ही मोहीम मारिल्याने संग्रहालयाचे काचेत स्वनामाची पाटी मिळणार, आणि नगराध्यक्षांचे मेजवानीत रानडुकराचे कालवणासमोर मानाची खुर्ची.

कारण ऐसे जे, जुने देवळाचे खोदकामी भाजल्या मातीचा एक पाय निघाला. पूर्वी रोमी लोक दुखरा अवयव मातीचा करून देवास वाहात, आणि या पायाचे अंगठ्यास लिंबाएवढा फुगवटा. मग प्रोफेसरांनी निदान फर्माविले की, हा गाऊट, म्हणजे मांस-मद्याने अंगठा सुजविणारा संधिवात. दोन हजार वर्षांमागील रोगी आम्ही पकडिला. मग डॉक्टर इल्दे ब्रागान्योलो, ज्या वैद्यकी सोडून हाडांचे उत्खननात शिरल्या, त्या चालून आल्या.

"गाऊटबिऊट काही नाही हो. कुंभाराचा हात घसरलाय."

येणेकरून संग्रहालयात दुफळी जाहली, आणि बहुत दिवस कागदी तोफा चालिल्या, आणि कॉफीचे यंत्रापाशी दोन्ही फौजांची नजरानजर बंद पडली. मग नगराध्यक्षांची ताकीद सुटली की, मेजवानीपूर्वी उभयतांनी रुजू व्हावे. पुरावा सरस त्याची पाटी.

प्रोफेसर लंगडत दाखल जाहले. खोदकामी ठेच लागली, ऐसा बहाणा.

"माल्वेझी, पुरावा कुठंय? का तोही लंगडतोय?" इल्देबाईंनी भाला फेकिला.

तो प्रोफेसरांचे कुटुंब नोर्माबाई उठल्या. "अहो, काढा तो बूट! रात्री अंगठ्याला चादर लागली तरी बोंबलता, आणि इथं म्हणे ठेच!"

प्रोफेसर दुहेरी वेढ्यात सापडले. बूट काढावा तर डुक्कर जाते, न काढावा तर पाटी जाते. शेवटी कीर्तीने पोटावर मात केली. मोजा उतरला, आणि मातीचे पायाशेजारी खासा पाय ठेविला. तोच अंगठा, तोच फुगवटा, जणू एकाच साच्याचे.

इल्देबाई वाकून पाहात्या जाहल्या. "कुंभार निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "गाऊटच. दोघांनाही. पण यातला एकच पथ्य पाळू शकेल, तेव्हा रानडुक्कर बंद, दारू बंद!"

फत्ते जाहली ती येणेप्रमाणे. पाटी प्रोफेसरांची लागली. मानाची खुर्ची इल्देबाईंस मिळाली, आणि त्यांनी कालवण दोनदा मागविले. प्रोफेसरांपुढे उकडला भोपळा आला. नोर्माबाईंनी गावचे संतास नवस बोलून चांदीचा पाय वाहिला, आणि पुढील पंडितांत तंटा नको म्हणून सोनाराकडून अंगठ्यास फुगवटा मुद्दाम काढविला. त्या फुगवट्याची जादा चांदी प्रोफेसरांचे पेन्शनीतून गेली.