शिमोनकाकांची इंझोरीकडची खिडकी

शिमोनकाकांच्या घराला एकच खिडकी. ती इंझोरीच्या, म्हणजे त्यांच्या मूळ गावाच्या दिशेला, आणि तिच्यातून दिसायचा तो शेजारच्या रहीमभाईंचा बकऱ्यांचा गोठा. काका दिवसातून तीनदा ती उघडून गुडघे टेकत. बायबलातला दानीएल बाबेलच्या बंदिवासात आपल्या गावाकडची, यरुशलेमकडची खिडकी उघडून प्रार्थना करी, म्हणून.

"काका," रहीमभाई म्हणत, "तुमची दुवा रोज माह्या बकऱ्याच आयकून राह्यल्या."

"आयकू दे. त्याईचंबी भलं होईन."

तिसाव्या वर्षी काकांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी थोरल्या भावानं, गणपतनं, त्यांचा लोटा रस्त्यावर फेकला. तेव्हापासून ते मानोऱ्याला, आमच्या ख्रिस्ती वस्तीत. सत्तर वर्षांनी तुम्हाला परत नेईन, हे देवानं बंदिवानांना दिलेलं वचन काकांनी सरळ स्वतःला लावून घेतलं. म्हणजे शंभरी गाठणं आलं. छाती कमजोर आहे, असं डॉक्टर म्हणाल्याबरोबर त्यांनी बिडी सोडली. एकेकाळी दोघे भाऊ शेताच्या धुऱ्यावर बसून एकच बिडी अर्धी-अर्धी ओढत.

"सत्तर पुरे होऊ दे. दादा सोताच घ्याले येईन," हे त्यांचं पालुपद.

आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी; सांगायला लाजत नाही. मी समजावलं, "काका, ते वचन यहुद्यांना होतं. इराणच्या राजानं त्यांना सोडलंसुद्धा. आपल्यासाठी ते ख्रिस्तात पुरं झालं. आपलं घर आता स्वर्गात."

"बी.ए. झाला ना बाप्पा? मंग सांग, त्या सोर्गात माहा दादा येईन का?"

नागपूरच्या कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात रहीमभाई बकऱ्या घ्यायला इंझोरीला गेले आणि मान खाली घालून परतले. गणपत जाऊन महिना झाला होता. कोणी निरोपही धाडला नव्हता.

काका तेव्हा पासष्टीचे. त्यांनी पवित्र शास्त्र माझ्या हातात दिलं. "वापस नेईन, असं लिहिलं हाये. पन घरी कोनी वाट पाहीन, असं कुठी हाये का? पाह्य बरं, तू शिकला."

मी पानं उलटत राहिलो. उधळ्या पुत्राची गोष्ट निघाली. तिच्यात घरी परतलेल्या मुलाला भेटायला बाप धावत येतो. थोरला भाऊ मात्र रुसून बाहेरच उभा राहतो. मी पटकन पुढचं पान काढलं.

"रहीम, बिडी हाये का रे?" काकांनी खिडकीतून विचारलं.

रहीमभाईंनी पेटवून दिली. काकांनी अर्धी ओढली, खोकत विझवली. उरलेली अर्धी खिडकीत ठेवली आणि खिडकी उघडीच राहू दिली.